शेवटची वाफ

१

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून पिह्ला गेले कित्येक दिवस एकच काम करत होती. पुसणं. सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जायच्या आधी पुसायचं, संध्याकाळी परत आल्यावर पुसायचं, आणि मध्ये जेवताना पावाला ग्रीसचा वास लागला म्हणून चिडायचं.

रायफल लष्कराच्या गोदामातून आली होती. कुठल्याशा युद्धानंतर कोणीतरी ती दुरुस्त केली, तपकिरी ग्रीसमध्ये नखशिखांत बुडवली, मेणकागदात गुंडाळली आणि विसरून गेलं. लोखंडाचं काही अवघड नव्हतं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की नळी, बोल्ट, चाप सगळं कसं लख्ख निघालं. रडवलं ते लाकडानं. नळीखालून पार पुढपर्यंत गेलेला तो लांबच लांब बर्चच्या लाकडाचा दस्ता. वरून कोरडा केला की तासाभरात पुन्हा घामेजायचा. पुसला की पुन्हा. पुसला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एवढ्याशा लाकडात एवढं ग्रीस मावतंच कसं, याचा हिशेब फार्मसी शिकलेल्या पोरीला लागत नव्हता.

"जवसाचं तेल लावायचंय त्याला," ती म्हणाली. "पण आधी हे बाहेर तर यायला हवं!"

"ओरड त्याच्यावर. घाबरून येईल बाहेर," तिचा बाबा म्हणाला.

वेइयो खिडकीशी बसून एका हाताने कॉफी पीत होता. दुसरा हात मांडीवर ठेवलेला होता. ठेवलेलाच म्हणायचा, कारण तो आपला आपण कुठे जात नसे. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, पाय सावरला, जीभ सावरली, उलट जरा जास्तच सावरली. डावा हात मात्र खांद्यापासून गेला, आणि वेइयो जन्माचा डावखुरा.

"तुझी रायफल वापरता आली असती तर ही हमाली कशाला केली असती," पिह्ला पुटपुटली.

"वापर की. डाव्या हाताने जेवायला शीक आधी."

त्याची रायफल डावखुऱ्यांसाठी बनवलेली. ती तिच्या काही कामाची नव्हती. आणि रायफल तर हवीच होती. कारण तळ्याच्या खाडीपलीकडच्या जंगलतोडीच्या कडेला वेइयोचं मचाण होतं. तीस वर्षं मूस नावाच्या अवाढव्य हरणाच्या शिकारीत ते त्याचं. त्याने स्वतः बांधलेलं, आणि असं बांधलेलं की वर बसलं की पाण्यापलीकडे आपलं घर दिसावं. शिकारी टोळीचा म्होरक्या एन्सिओ उन्हाळ्यातच येऊन, टोपी हातात धरून सांगून गेला होता: या मोसमात घरातलं कोणी बसलं नाही, तर मचाण त्याच्या जावयाला, यार्कोला, जाईल. रिकामं मचाण ठेवून चालत नाही, त्या बाजूने जनावर निसटतं.

तो गेल्यावर वेइयो दिवसभर काही बोलला नाही. झटक्यानंतरही इतका गप्प तो नव्हता. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "यार्को त्या मचाणावर बसून मोबाइल बघेल."

पिह्लाने त्या रात्रीच परवान्याचा अर्ज केला. टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकणारी मुलगी, पण केला.

२

योएन्सू गावातल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवरच्या बाईने रायफल ठेवली होती ती शवागारात चादर बाजूला करतात तशी. नुसता मेणकागद उघडून. जांभई देत ती म्हणाली होती, "दुरुस्तीनंतर हिला कोणाचा हात लागलेला नाही. दस्ता नवा घातलेला आहे. सँडपेपर मारू नका, लाकूड खराब होतं."

हे वाक्य पिह्लाला आठवलं, ते ग्रीसचा जाड थर निघून लाकडाचा खरा रंग दिसला तेव्हा.

दस्त्याच्या पुढच्या भागाला, जिथे नेम धरताना डावा हात येतो तिथे, खड्डे होते. उथळ. एका अंगाला ओळीने चार आणि पलीकडच्या अंगाला एक.

तिने बाबाला दाखवले.

"गोदामात आपटली असेल."

"आपटली तर ओरखडा येतो. हे दाबल्यासारखे आहेत."

वेइयोने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "इस्त्री घे. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. लष्करात आम्ही तपासणीच्या आदल्या दिवशी हेच करायचो."

तिने केलं. ओल्या फडक्यावर इस्त्री टेकताच चर्रर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि लाकूड खरोखर वर आलं. बोट फिरवलं तर सपाट. पिह्लाला इतका आनंद झाला की तिने बाबाच्या टकलाचा मुका घेतला.

सकाळी खड्डे होते.

तिथेच नव्हते. चार बोटं मागे सरकले होते. चापाच्या दिशेने.

आता पिह्ला काही अडाणी नव्हती. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि रात्री नीट पाहिलं नसेल, दिव्याचा उजेड तिरपा पडला असेल. हे सगळं तिने स्वतःला नीट, मुद्देसूद सांगितलं. मग पेन्सिलीने खड्ड्यांभोवती रेघ काढली आणि पुन्हा इस्त्री तापवली.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलीच्या रेघांच्या आत लाकूड सपाट होतं. खड्डे रेघांच्या मागे.

"छळ मांडलाय नुसता!" तिने फडकं भिरकावलं. ते वेइयोच्या कॉफीत पडलं.

"मूसला असंच मारणार असशील," फडक्याचं टोक चिमटीत धरून उचलत तो म्हणाला, "तर यार्को परवडला."

३

सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, कल्पना वेइयोचीच.

"ग्रीस बाहेर यायला उष्णता लागते. इस्त्रीने काय होतंय? शनिवारी दस्ता वरच्या फळीवर टाक. माणसाच्या हाडातला गारठा निघतो तिथे, लाकडातलं ग्रीस निघणार नाही?"

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचा पिह्लाला रागच आला.

शनिवारी सौना तापायचाच त्या घरात. तिची आई घर सोडून हेलसिंकीला गेली तोही शनिवार होता, आणि वेइयोने तिला बसथांब्यावर पोचवून येऊन आधी चुलाणात लाकडं घातली होती. आता लाकडं फोडणं, तळ्याचं पाणी भरणं, चुलाण पेटवणं सगळं पिह्लाकडे. आधी बाबा आत जायचा. डॉक्टरांनी फक्त खालची फळी मंजूर केली होती. ती बाहेरच्या खोलीत, कपडे काढायच्या बाकावर, कान दाराला लावून बसायची.

"बाबा, बरा आहेस ना?"

"मेलो की कळवतो."

मग ती जायची. त्या दिवशी वरच्या फळीवर जुन्या टॉवेलवर दस्ता आडवा होता, म्हणून ती कडेला अंग चोरून बसली. लाकडातून घाम फुटत होता. तपकिरी थेंब जमायचे, ओघळायचे, टॉवेलात जिरायचे. पाहून तिला फार समाधान वाटलं. ये, ये बाहेर, ती मनात म्हणत होती.

निघताना तिने नेहमीप्रमाणे लाकडी ओगराळ्याने चुलाणावरच्या तापलेल्या धोंड्यांवर शेवटचं पाणी घातलं, दार ओढून घेतलं. ही शेवटची वाफ आपली नसते. ती कोणाची, हे लहानपणी तिने विचारलं होतं. "ज्याची त्याची," असं उत्तर मिळालं होतं. मात्र त्यानंतर सकाळपर्यंत आत कोणी जायचं नाही, हे न विचारता कळलेलं होतं. जसं पावावर पाय द्यायचा नाही हे कळतं तसं.

दोघं ओसरीवर बसले. अंगातून वाफा निघत होत्या. सप्टेंबरची संध्याकाळ, तळं शांत. वेइयो एका हाताने सॉसेजला मोहरी लावत होता, आणि सॉसेज बशीतून पळत होतं.

आत चर्रर्र झालं.

पिह्लाच्या हातातला पेला सांडला. तो आवाज ती जन्मापासून ऐकत आली होती. धोंड्यांवर ओगराळंभर पाणी पडल्याचा आवाज. आधी चर्रर्र, मग वाफ छताला लागल्यावर एक लांब सुस्कारा.

"धोंडे निवतात," वेइयो म्हणाला. "तडकतात कधीकधी."

"तडकणं वेगळं असतं."

"छपराचं पाणी पडलं असेल मग."

पाऊस चार दिवस नव्हता. पण बाबाने सॉसेज खाली ठेवलं होतं आणि तोही ऐकत होता. पुन्हा आवाज झाला नाही.

सकाळी दस्ता हलका झाला होता. टॉवेल पार तपकिरी. ओगराळं बादलीत होतं, जिथे असतं तिथे. फक्त बादली तिने अर्धी सोडली होती असं तिला वाटत होतं, आणि ती रिकामी होती. वाटत होतं, एवढंच. बादली किती भरलेली होती हे कोण लक्षात ठेवतं?

खड्डे होते. आता चापापासून वीतभर अंतरावर.

४

नेमबाजीची परीक्षा पुढच्या रविवारी होती. मूसच्या चित्रावर चार गोळ्या, चारही जागच्या जागी लागायला हव्यात. आदल्या आठवड्यात ती सरावाला गेली, तर ग्रीसने हात सटकत होता, गोळ्या डावीकडे जात होत्या. गालाला तपकिरी डाग पडला तो एन्सिओने पाहिला.

"पोरी, बंदूक घाम गाळते की तू?"

"दोघी, एन्सिओकाका."

"हट्ट बरा, पण माझं ऐक. यार्कोला बसू दे या वर्षी. तू पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी तुम्ही यार्कोला उठवाल?"

एन्सिओने टोपी नीट केली.

घरी येऊन ती रडली. रागाने. दोन महिन्यांची सगळी मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गुरुवारचं वाटाण्याचं सूप तसंच निवलं. वेइयो समोर बसून राहिला, मग उजव्या हाताने डावा हात उचलून त्याने टेबलावर ठेवला, पत्त्यांच्या डावात पान टाकावं तसा.

"हा पण ऐकत नाही माझं," तो म्हणाला. "रोज सांगतो, हल. त्याच्यावर ओरडून झालं, देवाला ओरडून झालं. जाऊ दे पिह्ला. मचाण म्हणजे चार फळ्या."

पण तो खाडीपलीकडे बघत होता. चार फळ्यांकडे असं कोणी बघत नाही.

शनिवारी तिने चुलाणात इतकी लाकडं कोंबली की धोंडे खालून लाल दिसायला लागले. बाबाला लवकर आटपायला लावलं, स्वतः तर धड बसलीही नाही. शेवटचं पाणी घातलं, दार ओढलं, ओसरीवर आली. आणि वास आला. लाकूड करपल्याचा.

"दस्ता!" ती उठली.

"बस खाली," वेइयो म्हणाला.

"जळतोय तो!"

"जळू दे. शेवटची वाफ टाकून झाली. आता आत जायचं नाही."

"बाबा, उद्या परीक्षा आहे!"

"पिह्ला." त्याने तिचा टॉवेल धरला. एकाच हाताने धरलेला टॉवेल किती वेळ टिकणार? तिने तो सोडवून घेतला.

५

दार जड लागलं. फुगलं असेल. वाफेने दारं फुगतात.

आत काही दिसत नव्हतं. तिने टाकलेल्या एका ओगराळ्याची वाफ एवढ्यात विरायला हवी होती. इथे ती ताजी होती, नाकाच्या केसांना चटका देणारी, आत्ता या क्षणी कोणीतरी पाणी टाकल्यासारखी. धोंड्यांवर अजून शेवटचे थेंब नाचत होते.

तिने आडवा ठेवलेला दस्ता आडवा नव्हता. वरच्या फळीच्या कोपऱ्यात तो उभा होता. त्याचं जाड टोक पाय ठेवायच्या फळीवर टेकलेलं, निमुळतं टोक वर. दमलेला शिपाई बसल्या बसल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बंदूक उभी धरतो, तसा. भिंतीला टेकलेला नव्हता. कशालाच टेकलेला नव्हता.

आणि वाफ सगळीकडे होती, त्याच्या मागची तेवढी जागा सोडून. तिथे भिंतीच्या फळ्या स्वच्छ दिसत होत्या, खांद्याएवढ्या रुंद, एका फळीतली गाठसुद्धा. वाफ त्या जागेच्या कडेकडेने वळून वर जात होती.

पिह्लाने हात घातला. का घातला, हे ती पुढे कित्येकदा स्वतःला विचारणार होती. विचार करायला थांबली असती तर पळाली असती. पण दोन महिन्यांचा वैताग हातात आला होता, आणि त्या हाताने दस्ता धरून ओढला.

आला नाही.

क्षणभर आला नाही. कोणी पलीकडून धरला असावा तसा घट्ट. तिने दात ओठ खाऊन पुन्हा हिसका दिला, "सोड ना!" असं ती खरोखर मोठ्याने म्हणाली, आणि तो सुटला. इतका अचानक की ती दारातून मागे कोलमडली, बाहेरच्या खोलीत उताणी पडली, छातीवर दस्ता.

दार आपलं आपण लागलं. हळू. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लावतात तसं.

दस्ता कोरडा होता. कुठे करपलेला नाही. मधासारखा रंग, ग्रीसचा थेंब नाही. तिने बोटांनी चापाशी चाचपलं, पुढे चाचपलं, उलटून चाचपलं.

खड्डे कुठेच नव्हते.

६

परीक्षेत चारही गोळ्या जागच्या जागी लागल्या. एन्सिओने तिचा हात हातात घेऊन जोराने हलवला. यार्कोने लांबून मान डोलावली आणि मोबाइल काढला. पिह्ला घरी येताना गाडीत एकटीच ओरडली. दस्त्याला जवसाचं तेल लावलं ते एका हातातच जिरलं. लाकूड कसं शहाण्यासारखं वागत होतं. वाफेत दिसलेल्या त्या जागेबद्दल तिने ठरवून टाकलं: गरम हवेचा झोत वर जाताना वाफ दूर सारतो. पटण्यासारखं होतं. दिवसा तर पटतच होतं.

वेइयोने मचाणाची चावी म्हणून पेपरमध्ये गुंडाळून तिला आपली जुनी दुर्बीण दिली.

"मचाणाला चावी नसते बाबा."

"म्हणून तर दुर्बीण दिली."

सगळं छान चाललं होतं. म्हणून बुधवारी कामावरून येताना सौनाच्या धुराड्यातून धूर दिसला तेव्हा ती दचकली.

"बुधवारी?" तिने विचारलं.

वेइयो ओसरीवर लालबुंद होऊन बसला होता. "पेन्शनवाल्याला शनिवार काय अन् बुधवार काय."

"लाकडं कोणी फोडली?"

"मी."

"एका हाताने?"

"मग काय चार हात लागतात?"

"पाणी?"

"अगं, पोलीस आहेस की पोरगी?"

गुरुवारी पुन्हा धूर. शुक्रवारीही. तो खूश होता. झटक्यानंतर एवढा खूश तिने त्याला पाहिला नव्हता. गाणं पुटपुटत होता, जेवत होता. "डाव्या हाताला ऊब लागते आता," तो म्हणाला, आणि पिह्लाला इतकं बरं वाटलं की पुढचं काही विचारायचं तिने टाळलं.

शुक्रवारी रात्री शर्ट बदलायला मदत करताना तिला ते दिसलं. डाव्या हाताच्या कोपराखाली मांसात उथळ खड्डे होते. एका अंगाला ओळीने चार. तिने हात उलटला. पलीकडे एक.

"हे काय?"

"कुठे?"

"इथे. हातावर."

"फळीचे वळ असतील."

"फळीला बोटं असतात?"

"तुला आता सगळीकडे बोटंच दिसतात. औषधं विकता विकता खायला लागलीस की काय?"

तिने एका खड्ड्यावर अंगठा दाबला. मांस गार होतं. भोवतालचा हात गरम आणि तेवढी जागा गार, ओल्या धोंड्यासारखी.

"दुखत नाही?"

"मला त्या हातात काय कळतंय?"

"बाबा, ऐक माझं. उद्या शिकारीचा पहिला दिवस. मी दिवसभर नसणार. उद्या सौना मी आल्यावर तापवू. तू एकटा बसत जाऊ नकोस आत."

"एकटा कुठे बसतो," वेइयो म्हणाला.

मग तो थांबला. आपण काय बोललो हे त्यालाच आत्ता ऐकू आल्यासारखा. शर्टाची बटणं त्याने एका हाताने, हळूहळू, खालून वर लावली, आणि पिह्ला विचारत असतानाच उठून आपल्या खोलीत गेला.

७

सकाळी पानांवर हिमकण होते. एन्सिओने सगळ्यांना गोल उभं केलं, कोण कुठे ते सांगितलं.

"नियम जुनाच. हाका संपला असं मी वायरलेसवर सांगेपर्यंत कोणी मचाण सोडायचं नाही. इकडून तिकडून गोळ्या सुटत असतात, मला कोणाची तिरडी बांधायची नाही. आणि पिह्ला, तुझं पहिलं वर्ष आहे. सोडलंस की सुटलं."

"सोडणार नाही."

ती चढली, बसली. रायफल मांडीवर. फळ्या बाबाच्या बसण्याने मध्ये जरा झिजलेल्या, तिच्या मापाला मोठ्या. समोर तोडलेलं रान, उजवीकडे खाडी, पलीकडे घर, सौना, ओसरी. थंडी नाकात झोंबत होती. तिने दस्त्यावर गाल टेकवला. कोरडा, गुळगुळीत, नुसतं लाकूड. त्यात कोणीच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि असं का मनात यावं या विचाराने ती शहारली.

लांबवर कुत्री भुंकायला लागली. वायरलेस खरखरला. "मोठा नर. जंगलतोडीकडे निघालाय. पिह्ला, तुझ्याकडे येतोय, तयार राहा."

तिने रायफल उचलली. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला धूर दिसला. सौनाच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा.

आता नाही, बाबा. आता नाही ना रे.

फांद्या मोडल्याचा आवाज जवळ आला. मूस झाडांमधून बाहेर पडला, तपकिरी, प्रचंड, शांत. तो उघड्यावर येऊन उभा राहिला आणि त्याने कूस दाखवली. परीक्षेतल्या चित्रासारखी. याच क्षणासाठी दोन महिने पुसणं, इस्त्री, रडणं. पिह्लाने रायफल मांडीवर ठेवली आणि दुर्बीण उचलली.

ओसरीवर वेइयो बसला होता. टॉवेल गुंडाळून, उघड्या अंगाने. उजव्या हातात कॉफीचा पेला. गोठत्या हवेत त्याच्या डोक्यातून, खांद्यांतून वाफ निघत होती, जशी सौनातून बाहेर आलेल्या कोणाच्याही अंगातून निघते.

बाकावर त्याच्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती. तिच्यातूनही वाफ निघत होती.

दुसरा झोत. बसलेल्या माणसाच्या उंचीवरून सुरू होणारा, खांद्याएवढा रुंद, संथ.

तिने दुर्बीण पुसली. पुन्हा लावली. तसंच होतं.

"पिह्ला!" वायरलेस कडाडला. "तुझ्या समोरून गेला तो! झोपलीस का काय?"

"एन्सिओकाका, मला घरी जायचंय. आत्ता."

"हाका चालू आहे. खाली पाय टाकायचा नाही."

"घरी कोणीतरी आहे. बाबाजवळ कोणीतरी बसलंय."

मग एन्सिओचा आवाज आला, जरा मऊ, लहान मुलीशी बोलावा तसा. "पाहुणे आले असतील पोरी. बसून राहा. तू उतरलीस तर मला मचाण यार्कोला द्यावं लागेल. सगळ्यांनी ऐकलंय आता."

"द्या," पिह्ला म्हणाली. "द्या त्याला."

तिने रायफल तिथेच फळीवर टाकली आणि शिडीवरून घसरत उतरली. लव्हाळ्यांतून धडपडत काठाशी आली. पलीकडे जायला खाडीला वळसा घालावा लागतो, रस्त्याने तासभर. मध्ये फक्त पाणी, काळं आणि सपाट.

"बाबा!" ती ओरडली. आवाज पाण्यावरून नीट गेला. वेइयोने मान वर केली.

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. तो हसत होता. तिच्याकडे बघून नाही, बाजूला बघून. त्याच्या उजव्या हातात कॉफीचा पेला तसाच होता.

आणि त्याचा डावा हात वर आला.

हळूहळू आला, मनगट लोंबत, बोटं सैल. आधी कोपराखालून उचलला गेला आणि बाकीचा मागून आला. डोक्याएवढा वर गेला आणि इकडून तिकडे, इकडून तिकडे हलायला लागला. मांडीवर घेतलेल्या तान्ह्या बाळाचा हात धरून, ती बघ ताई, तिला टाटा कर, असं म्हणत कोणी हलवावा तसा.

मग हात खाली ठेवला गेला. वेइयो उठला. डाव्या बाजूने कोणी आधार दिल्यासारखा किंचित तिकडे झुकून तो दाराकडे चालायला लागला. दाराशी त्याने मागे पाहिलं नाही. दार लागलं, हळू, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लावतात तसं.

पिह्ला पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. गारठ्याने पाय कापत होते आणि तिला कळत नव्हतं की आपण ओरडतोय की नुसतं तोंड उघडलंय.

समोरून, पाण्यावरून, अगदी स्पष्ट आवाज आला.

चर्रर्र.